समुद्र नसलेलं बेट

वाईच्या ढोल्या गणपतीला सगळे समोरून भेटतात. ते बरोबरच आहे; एवढं पोट समोरूनच दिसतं. पण घाटावरून देवळाच्या पाठीमागं गेलं, की गाभाऱ्याची भिंत सपाट नसल्याचं ध्यानात येतं. दोन्ही अंगांनी निमुळती होत ती एका धारेला येऊन मिळते, माशासारखी. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ नदीच्या इतकं अंगाशी बांधलं, की पूर आला तर पाणी देवळापाशी येणारच. मग ते अडवायचं कशाला? भिंतीची धार पाण्याच्या तोंडावर धरली. पाणी येतं, दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं.

पुतण्यानं त्या धारेवरून हात फिरवला. "काका, ही तर होडीची नाळ झाली," तो म्हणाला.

त्या दिवसांत त्याच्या डोक्यात होड्याच होत्या. नुकताच तो माल्टाला आठ दिवस राहून आला होता. भूमध्य समुद्रातलं ते चिमुकलं राष्ट्र, सगळी बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बऱ्याच तालुक्यांहून लहान. त्याच्या फोनमध्ये मधाच्या रंगाच्या दगडांची घरं होती, कोमिनो बेटापाशी काचेसारखं निळं पाणी होतं आणि त्या पाण्याकाठी अंगाला तेल चोपडून पालथी पडलेली माणसं होती. साताऱ्यातल्या घरात सगळ्यांनी तो फोन हातोहात फिरवला. शेवटी त्यानं विचारलं, "आपल्याकडं असं बेट कुठाय?"

घाटावरच्या माणसाला हा प्रश्न अडचणीचा आहे. जंजिरा, सिंधुदुर्ग ही नावं तोंडात येतात, पण ती कोकणाची. सातारा-सांगलीच्या वाट्याला डोंगर आले, पठारं आली, समुद्र काही आला नाही. तरी बेट आहे. वाळवा तालुक्यात बहे गावापाशी कृष्णेच्या पात्रात ते उभं आहे आणि लोक त्याला रामलिंग बेट म्हणतात. शाळेच्या सहलीत एकदा पाहिलेलं, पुढं विसरून गेलेलं. फाल्गुन उतरणीला लागला होता, पाणी ओसरलेलं असणार. काका-पुतण्यांनी नदीच्या काठाकाठानं तिथवर जायचं ठरवलं आणि सुरुवात वाईपासून केली.

वाईला नदीकाठ म्हणत नाहीत, घाट म्हणतात. सात घाट आहेत आणि दर घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा. थंडी सरता सरता एकेका घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती येते, कीर्तनं होतात, जेवणावळी उठतात, मग पुढच्या घाटाची पाळी. अफझलखान वाईला तळ देऊन होता तेव्हाच्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईकर सांगतात. नदीची अशी आळीपाळीनं सरबराई करणारं गाव दुसरं कुठं असेल, ठाऊक नाही.

पुतण्या शेवटच्या पायरीवर पाण्याकडं पाय पसरून बसला, माल्टात बसत असेल तसा. शेजारी पातळ पिळत असलेल्या आजीबाईंनी त्याच्याकडं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. "बाळा, पाय आवर. ती काय तुझी मैतरीण हाय व्हय?" त्यानं पाय पोटाशी घेतले. समुद्राकाठची माणसं पाण्यापुढं अंग टाकतात. इथं पाण्यापुढं अंग आवरून बसायचं, आधी चूळ भरायची, मग पाऊल घालायचं, आणि त्यातही पाण्याला आधी हात लागला पाहिजे. गंमत म्हणजे त्याच पाण्यात पलीकडं म्हैस निवांत डुंबत होती. तिला कुणी काही म्हणत नव्हतं.

मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे आणि वाड्यामागं घाट. ज्यांनी 'स्वदेस' पाहिलाय त्यांना तो ओळखीचा वाटतो. घाटावरच्या मेणेश्वराच्या देवळापुढं एका छोट्या दगडी मंडपात पंचधातूची मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहावं तर तिच्या अंगावर कडेवर बाळ घेतलेली बाई. ती मेरी आणि तो येशू. घंटेवर साल आहे १७०७. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा देशभर देवळादेवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराला एक, भीमाशंकराला एक, आणि ही एक इथं कृष्णेकाठी. पुतण्याच्या फोनमध्ये माल्टाच्या घंटाघरांचे कितीतरी फोटो होते. इथं तसलीच घंटा महादेवाच्या दारात, हाताच्या अंतरावर. विजयाची खूण म्हणून आणलेली वस्तू आता कुणाला विजयाची आठवण करून देत नाही. गावातली पोरं तिच्या कडेला कान लावून आतला गुणगुणाट ऐकतात, बस्स.

पुढं लिंब. तिथली बारा मोटेची विहीर नदीपासून लांब नाही. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधवून घेतली. शंभराहून जास्त फूट खोल, वरून पाहिली तर शिवलिंगाच्या आकाराची, आणि मधल्या भागावर चक्क महाल. नाव बारा मोटांचं, पण थारोळी मोजली तर पंधरा भरतात. पायऱ्या उतरून आत गेलं की फाल्गुनातलं ऊन मागं राहतं आणि अंगावर गार वारा येतो. कबुतरं घुमत असतात. महालात बसलेल्या राण्या-सरदारांनी खाली पाण्याकडं पाहत काय खलबतं केली असतील ती असोत. एवढी शिबंदी पाण्याच्या डोक्यावर बसवायची कल्पना मात्र दुष्काळी प्रदेशाच्या शेजाऱ्यालाच सुचावी.

इथं पुतण्यानं एक गोष्ट सांगितली आणि ती पुढं प्रवासभर पुरली. माल्टात नदी नाही. एकही नाही. व्हॅलेटा शहर वसवताना तिथं राज्य करणाऱ्या सरदारांनी नियमच केला, की प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं खोदलं पाहिजे. पुढं १६१५ साली विन्याकूर नावाच्या सरदारप्रमुखानं कमानींवरून पन्हळ बांधून उंचावरचं पाणी शहरात आणलं. आज तिथल्या पिण्याच्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त समुद्राचं खारेपण काढून मिळतं. चहूबाजूंनी पाणी असलेल्या माणसानं थेंबाथेंबाचा हिशोब करायचा, आणि आपण बेटावर नसूनही नदीच्या जिवावर निर्धास्त राहायचं. विहिरीच्या शेवटच्या पायरीवर हे बोलणं झालं, त्यामुळं ते जास्त लागलं.

संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. साताऱ्याचं हे स्मशान आणि तीर्थ दोन्ही. विश्वेश्वराचं काळं देऊळ, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव, आणि वाळूत, गाळात, झुडपांत विखुरलेल्या समाध्या: थोरले शाहू महाराज, ताराराणी, येसूबाई. ज्या ताराराणीनं औरंगजेबाला दमवलं तिच्या समाधीला दर पावसाळ्यात पाणी लागतं. सर्वांत चांगली जपलेली समाधी कुणाची, तर शाहू महाराजांच्या कुत्र्याची. शिकारीत त्यानं धन्याला वाघापासून वाचवलं म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, अशी कथा. त्याचं नाव खंड्या. आम्ही उभे होतो तेव्हा वेण्णेच्या पाण्यावर तारेवर एक खंड्या पक्षीही बसला होता, निळा, मान वाकडी करून. हा योगायोग पुतण्याला समजावून सांगावा लागला; शहरातल्या मुलांना खंड्या इंग्रजी नावानंच माहीत असतो.

साताऱ्याहून कराडकडं जाताना नागठाण्याजवळ अपशिंगे लागतं. सरकारदप्तरीही 'अपशिंगे मिलिटरी'. घरटी एक माणूस फौजेत, अशी या गावाची ख्याती आणि ती खोटी नाही. पहिल्या महायुद्धात एकट्या या गावचे ४६ जवान पडले; इंग्रजांनी त्यांच्या स्मरणासाठी स्तंभ दिला. इथं थांबायचं कारण मात्र माल्टाच. १८७८ साली रशियाशी युद्ध पेटण्याची चिन्हं होती तेव्हा इंग्लंडनं सुमारे सात हजार हिंदी सैनिक जहाजांत घालून माल्टाला नेले. त्यांत मुंबई इलाख्याच्या पायदळाच्या पलटणी होत्या, आणि त्या पलटणींत देश-कोकणातली पोरंही भरती व्हायची. युद्ध झालं नाही. काही दिवस त्या बेटावर त्यांनी कवायती केल्या, त्यांतले काही पुढं सायप्रसला गेले, मग परत आले. आपल्या मुलखातली पोरं, ज्यांनी बहुधा मुंबईचं बंदरही पहिल्यांदाच पाहिलं असेल, ती त्याच निळ्या पाण्याकाठी उभी राहिली असणार. त्यांनी काय पाहिलं, घरी येऊन काय सांगितलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नजरेत नाही. पुतण्यानं स्तंभाचा फोटो काढला आणि बराच वेळ फोन खिशात ठेवून दिला.

कराडचा प्रीतिसंगम पाहिल्याशिवाय कळत नाही. नद्या एरवी शेजारून येऊन हळूच मिसळतात. इथं कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना तिच्या समोरून, आणि दोघी तोंडावर तोंड येऊन भेटतात. मग काटकोनात वळून पूर्वेला चालू लागतात. दोघी जन्मल्या एकाच ठिकाणी, क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात. पाचांपैकी सावित्री कोकणात गेली, गायत्रीचं तेवढं नाव उरलं, वेण्णा माहुलीला भेटली, कोयना मात्र सगळं खोरं पालथं घालून आली. वाटेत तिला धरणानं अडवलं: १०५ टीएमसीचं पाणी. काठच्या गावांना पावसाळ्यात रात्री झोप नसते ती या आकड्यापायी.

संगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. देवराष्ट्रे गावचा मुलगा इथं कराडला वाढला, दिल्लीला गेला आणि १९८४ मध्ये याच काठावर परत आला. संध्याकाळी समाधीच्या बागेत कराडकर फिरायला येतात आणि भेळ खातात. समाधीजवळ भेळ हा प्रकार परगावच्या माणसाला खटकेल. कराडकराला त्यात काही वावगं वाटत नाही. साहेबांना भेटायचं, नदीला भेटायचं, भेळ खायची, घरी जायचं. गाडीवाल्यानं पुतण्याला कांदा जास्त घालू का विचारलं, उत्तराची वाट न पाहता घातला, आणि कैरी संपल्याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त केली.

समोर आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी दिसतात. हे गाव तेव्हाही नावाजलेलं होतं. मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या स्तूपावर करहाकटच्या, म्हणजे कराडच्या, दानशूरांची नावं कोरलेली आहेत. कराडच्या माणसाला बाहेर जायची सवय जुनी आहे म्हणायची.

बहे गाठायला दुसरा दिवस उजाडला. महामार्ग सोडला की दोन्ही बाजूंना ऊस. तोड चालू, ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, वाढ्यांचे भारे डोक्यावर घेतलेल्या बाया, गुऱ्हाळाचा वास. १९४९ पर्यंत हे सगळं सातारा जिल्ह्यातच होतं. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. नकाशावर रेघ आली, पण बोलण्यात आली नाही. इकडं 'येताय का?'चं 'येतासा काय?' होतं आणि आवाज थोडा चढतो, एवढाच फरक. सातारकर माणूस पाहुण्याला चहा विचारतो. वाळव्यातला विचारत नाही, ठेवतो.

बेट पहिल्यांदा दिसलं तेव्हा पुतण्याचा चेहरा पडला. हे एवढंसं? नदीच्या मधोमध झाडांचा एक पुंजका, त्यातून डोकावणारं शिखर, दोन बाजूंनी पाण्याचे दोन पदर. पाणी गुडघ्याएवढं, मधे काळे कातळ उघडे पडलेले, कातळांच्या खाचांत शेवाळ. खडकांवर धुणं वाळत घातलेलं. वाळू थोडी, तीही भरड. एके काळी कृष्णेच्या पात्रात उन्हाळ्यात कलिंगडाच्या, काकडीच्या वाड्या असायच्या, पोरं वाळूत झरे खणून पाणी प्यायची. त्या वाळूची घरं होऊन ती कधीच शहरांत गेली. नदीचं वाळवंट ट्रकमधून निघून गेलं आणि आपण नंतर त्याच्याच स्लॅबखाली बसून नदी आटल्याचं दुःख करतो.

पण बेटावर पाऊल टाकलं की आवाज बदलतो. दोन्ही कानांनी पाणी ऐकू येतं, डावीकडून वेगळं, उजवीकडून वेगळं. समुद्रातल्या बेटाला हे सुख नाही. तिथं चारही बाजूंना एकच समुद्र. नदीतल्या बेटाला वरची बाजू असते आणि खालची बाजू असते, येणारं पाणी असतं आणि जाणारं पाणी असतं. वरच्या टोकाला उभं राहिलं, की अख्खी नदी आपल्या अंगावर चालून येतेय असं वाटतं आणि पायापाशी येऊन ती दुभंगते. वाईच्या देवळाची भिंत पुतण्याला इथं आठवली. मला आठवून द्यावी लागली नाही.

देवळापुढं झाडाखाली एक आजोबा बसले होते, धोतर, पैरण, मांडीवर पटका सोडून ठेवलेला. "कुठनं आलासा?" ही सुरुवात. साताऱ्याहून म्हटल्यावर, "आमचंच की मग सगळं," म्हणत त्यांनी सरकून जागा केली. कथा त्यांनीच सांगितली. राम इथं नदीत लिंगाच्या पूजेला बसला. एकाएकी कृष्णेला पूर आला. आता देव ध्यानात, त्याला हाक मारून उठवायचा कसा? तेव्हा मारुतीनं मागं उभं राहून दोन्ही बाहू पसरले आणि पाणी अंगावर घेतलं. नदी दोन वाटांनी गेली, मधे बेट राहिलं. बाहूंवरून गावाचं नाव बाहे, बहे.

"आन् मग समर्थ आलं," आजोबा म्हणाले. सतराव्या शतकाच्या मध्यावर रामदासांनी कृष्णा-कोयनेच्या मुलखात अकरा मारुती बसवले: चाफळला दोन, मग उंब्रज, मसूर, शहापूर, शिंगणवाडी, माजगाव, शिराळा, कोल्हापूरकडचे मनपाडळे आणि पारगाव, आणि हा बहेचा. समर्थांनी इथं येऊन मारुती शोधला तर मारुती नाही. मग तो डोहात सापडला, अशी पुढची कथा. रामाच्या देवळामागं हा मारुती उभा आहे. बऱ्याच मारुतींचा हात चापट उगारलेला असतो. याचे दोन्ही हात बाजूला खाली पसरलेले, दाराशी गर्दी थोपवून धरणाऱ्या माणसासारखे. शेंदराच्या थरांखाली नाकडोळे जवळजवळ बुजलेत. हात मात्र स्पष्ट आहेत. कातळ पाण्याला फोडतो आणि गाळ त्याच्या मागं साठतो, बेट असंच होतं, हे भूगोलात शिकलेलं आहे. पण त्या मूर्तीपुढं उभं असताना दोन्ही स्पष्टीकरणांत फारसा फरक राहत नाही.

"एकोणीसला?" पुतण्यानं विचारलं. त्याला वर्ष पुरं सांगावं लागलं नाही. आजोबांनी शिखराकडं बोट दाखवलं, मग हात आडवा फिरवला. "काय बी न्हवतं. निस्तं पाणी." नंतर थोडं थांबून, "मारुतीनं बी हात सोडला असंल तवा. त्यो तरी किती धरंल?"

हे गाव आणखी एका कारणानं पाहण्यासारखं. क्रांतिसिंह नाना पाटलांचा जन्म १९०० सालचा, बहे-बोरगावचा. त्यांचं मूळ गाव जवळचंच येडेमच्छिंद्र. १९४३ मध्ये त्यांच्या पुढारपणाखाली या कृष्णाकाठानं इंग्रजांच्या नाकावर टिच्चून स्वतःचं सरकार चालवलं: स्वतःची न्यायदान मंडळं, तूफान सेना, बिनहुंड्याची, थोडक्यात उरकलेली गांधी-लग्नं. उसाच्या आणि मळीच्या रानात माणूस शिरला की पोलिसाला सापडत नसे. पूर असो की सरकार, अंगावर घेण्याची इथल्यांना सवय असावी.

आजोबांनी जेवल्याबिगर सोडलं नाही. "भाकरी खाऊन जावा" हे निमंत्रण नसतं, निकाल असतो. त्यांच्या पडवीत ज्वारीची भाकरी आली, मिरचीचा खर्डा, कांदा, ताक, आणि मळीतल्या वांग्यांची भाजी. मळी म्हणजे पूर ओसरल्यावर काठावर बसणारा गाळ. कृष्णाकाठच्या वांग्याला जी चव आहे ती या गाळाची. त्याचं साल पातळ, आत बिया कोवळ्या, तेलावर नुसतं परतलं तरी लोण्यासारखं होतं. पुतण्यानं खर्ड्यावर कच्चं शेंगतेल ओतून घेतलं आणि सांगू लागला, की माल्टातही लोक असंच करतात. फ्तिरा नावाची जाड गोल भाकरीसारखी पोळी, तिच्यावर टोमॅटो चोळायचा आणि वरून ऑलिव्हचं तेल. घरातल्या वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी गरिबाचंच जेवान की," त्या म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. पैशाचं नाव काढलं असतं तर राग आला असता. परड्यातल्या शेवग्याच्या शेंगांची जुडी मात्र गाडीत आलीच.

भूमध्य समुद्र या मुलखात अगदीच अनोळखी नाही. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकाम झालं तेव्हा ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, ब्राँझची छोटी मूर्ती सापडली. दोन हजार वर्षांमागं कुणा व्यापाऱ्यासोबत आलेली. आणि पूर्वेला तासगावकडं वळलं तर द्राक्षांचे मांडवच मांडव. ज्या बिनबियांच्या द्राक्षाला जग थॉम्प्सन सीडलेस म्हणतं, तेच भूमध्याच्या काठावरचं सुलताना. तासगावच्या शेतकऱ्यानं त्यातूनच निवड करत 'तास-ए-गणेश' वाण काढला. फाल्गुन-चैत्रात इथल्या बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीच्या रॅकवर हिरवे घड पसरलेले असतात. ते आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या द्रावणात बुडवून काढायचे, म्हणजे सालीवरचं मेण जातं आणि घड लवकर सुकतात. राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल वापरून भूमध्याकाठी पूर्वापार हेच करत आले. शेडमधल्या बाईनं अर्धवट सुकलेला एक घड पुतण्याच्या हातावर ठेवला. तो अजून द्राक्षही होता आणि बेदाणाही.

नदीशी पुन्हा भेट भिलवडी-औदुंबरला झाली. औदुंबराला नृसिंह सरस्वतींच्या पादुका, समोरच्या काठावर भुवनेश्वरी, मधे संथ, खोल, हिरवट पाणी. बहेची खळखळ इथं पार मुकी झालेली. संक्रांतीला इथं साहित्य संमेलन भरतं आणि गावोगावचे शेतकरी उन्हात बसून कविता ऐकतात. पुतण्याला पोहायची हौस आली. शर्टाची बटणं काढायला लागला तसा नावाडी म्हणाला, "उतरा की. पर ती बगा, तिला इचारून उतरा." समोरच्या मळीवर एक लाकडाचा ओंडका पडला होता. ओंडक्यानं तोंड उघडलं.

कृष्णेच्या या टापूत मगरी आहेत, चांगल्या मोठ्या. काठावर ऊन खात पडतात आणि नदी आपलीच असल्यासारख्या वागतात. तशी ती आहेही. गेल्या काही वर्षांत माणसांवर, जनावरांवर हल्ले झाले आणि त्यात जीवही गेले. तरी बाया धुणं घेऊन येतात, पोरं म्हशी धुतात. फक्त एकजण काठावर उभा राहून नजर ठेवतो. कोमिनोच्या निळ्या पाण्यात तेल चोपडून पडलेल्या माणसांपैकी एकाला इथं आणून पालथं झोपवावं, असा दुष्ट विचार मनात येऊन गेला. पुतण्यानं बटणं लावली.

सांगलीत नदी आकड्यांत मोजतात. पावसाळ्यात दोन सांगलीकर भेटले की नमस्काराऐवजी "आयर्विनला किती फूट?" म्हणतात. १९२९ साली झालेल्या या पुलाच्या खांबावर पाणी चढताना अख्खं शहर वाचत असतं: चाळीसला सावध, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टात ते सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं. पुलाशेजारच्या पेठेत अजूनही जुन्या भिंतींवर त्या पाण्याची मातकट रेघ सापडते. काहींनी रंग दिला, काहींनी मुद्दाम ठेवली. पटवर्धनांचं हे गाव, गणपतीचं, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते गाव. बोलायची हौस तेव्हापासूनची. भडंगाच्या दुकानात पत्ता विचारला तर तिघांनी मिळून सांगितला आणि तिघांत भांडण लागलं.

शेवटचा मुक्काम हरिपूर. 'शारदा'कार देवलांचं गाव. संगमेश्वराच्या देवळाखाली वारणा येऊन कृष्णेला मिळते आणि काठावरच्या जमिनीत हळदीची पेवं आहेत. वरून पाहिलं तर काही दिसत नाही. माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं फुगत गेलेलं पोट. मातीच अशी, की ओल धरत नाही. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही; आत हवा कोंडलेली असते. आधी कंदील सोडतात, तो जळत राहिला तरच माणूस जातो. २००५ च्या पुरात पाणी या पेवांत शिरलं आणि त्यांतली कित्येक जागच्या जागी बसली. तेव्हापासून धंदा गोदामांकडं, शीतगृहांकडं गेला. उरलेल्यांपैकी एकाच्या तोंडाशी पोत्यावर बसलेल्या हमालाचे हात कोपरापर्यंत पिवळे होते, कपाळही, भुवयाही.

"बाहेरगावचं दिसतासा," तो पुतण्याला म्हणाला. पुतण्यानं सगळं सांगितलं: माल्टा, बेट, निळं पाणी. फोन दाखवला. हमालानं बोट न लावता, मान पुढं करून एकेक फोटो नीट पाहिला.

"पूर येतो का तिथं?"

"नदीच नाही तिथं."

"न्हाई? मग प्यायला?"

"समुद्राचंच. खारेपण काढून."

हमाल बराच वेळ गप्प होता. खाली संगमावर कुणीतरी निर्माल्याची पिशवी पाण्यात सोडत होतं. मग त्यानं विचारलं, "आन् गणपती कुटं बुडीवत्यात?"

पुतण्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पेवात पाहत होतो. आत सोडलेला कंदील अजून जळत होता.